समस्त मगदूम परिवार

दर वर्षी अकरा डिसेंबरला माझी सवत पेपरात येते. पान तीन, खाली उजवीकडे, दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच. मोतिया रंगाची साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि आत्ताच कुणीतरी कौतुक केल्यासारखं हसू. फोटो दिराच्या लग्नातला आहे. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि अजूनही एकतीसचीच आहे. मी मात्र चव्वेचाळीसची झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पुढचे केस रंगवावे लागतात. तिचं बरं आहे.

सवत म्हटलं की लोक भलतंच समजतात, म्हणून आधीच सांगते. कमला वारली त्याला तेरा वर्षं झाली. मी त्यानंतर दोन-सव्वादोन वर्षांनी या घरात आले. आमची दोघींची कधी गाठ पडली नाही, बोलणं नाही, भांडण नाही. मेलेल्या बाईवर जळणं हा वेडेपणा आहे हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही, एवढंच.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं ते सांगा. निपाणीतल्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या फळीवर सत्तर-ऐंशी भांडी आहेत. प्रत्येकावर नाव कोरलंय, ‘सौ. कमला पद्मराज मगदूम’. डब्यावर आहे, तांब्यावर आहे, पळीच्या दांड्यावरसुद्धा आहे. सकाळी चहाचं पातेलं घासताना मी तिचं नाव घासते आणि रात्रीच्या दुधाच्या पातेल्यावर तेच वाचते. एकदा मी कुकर घेतला. दुकानातच नाव घालून मिळत होतं, पण घरी विचारून मग घालू म्हटलं. हे म्हणाले, भांड्यावर नावं घालायची आता कुठं पद्धत राहिलीय. हे म्हणजे माझे यजमान, पद्मराज मगदूम, बस स्टँडच्या मागे खत-बियाणांचं दुकान आहे ते. स्वभावाने गरीब माणूस. मुद्दाम दुखवायचं त्यांना जमतच नाही, त्यामुळे ते न ठरवता दुखवतात.

आणि लोक. मी घरात आले तेव्हा तेहतीस वर्षांची घोडनवरी होते, वर रंगाने सावळी. हळदीकुंकवाला बायका माझ्याकडे बघायच्या आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघायच्या. मग एकजण हमखास म्हणायची, कमलाला काय, काहीही शोभायचं. दुसरी म्हणायची, व्हय की, काहीही. हे वाक्य मी अकरा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. पापड तिचे पातळ, रांगोळी तिची रेखीव, अक्षर तिचं मोत्यासारखं, आणि तिला काहीही शोभायचं.

तिची मुलगी निशा तेव्हा नऊ वर्षांची होती. मला आई म्हण असं तिला सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती गप्प राहिली आणि दुसऱ्या दिवशी आपणहून मावशी म्हणाली. मी म्हटलं, मावशी तर मावशी. पोर गुणाची आहे, आता बेळगावला फार्मसी शिकते. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता.

राग होता तो जाहिरातीवर. दर वर्षी त्या तीन नंबरच्या पानावर फोटोखाली नावं असायची. पती पद्मराज, कन्या निशा, आई अक्काताई, मग दीर, मग जाऊ, आणि शेवटी बारीक अक्षरात ‘समस्त मगदूम परिवार’. जाऊ पुण्याला असते, चार वर्षांतून एकदा येते, पण तिचं नाव असतं. मी त्या घरात झाडते, पुसते, यांची पथ्यं सांभाळते, निशाच्या परीक्षेला रात्ररात्र जागले, आणि मी कुठे? मी ‘समस्त’मध्ये. दहा जाहिराती अशाच गेल्या. पेपर आला की हे चष्मा लावून ती आधी वाचायचे, मग नीट कात्रीने कापून फायलीत ठेवायचे. मी उरलेला पेपर डब्यांखाली अंथरायची.

या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, मग हिरवा चष्मा, वाचायचं नाही, वाकायचं नाही, स्कूटरला हात लावायचा नाही. उजवा डोळा आधीच अधू. नऊ डिसेंबरला सकाळी यांनी मला बोलावलं. हातात एक पाकीट दिलं, त्यात एक्कावन्नशे रुपये होते. यल्लाप्पाकडं जा, म्हणाले. गेल्या वर्षीचंच द्या म्हणून सांग, त्याला सगळं माहीत आहे, फक्त बाराव्या पुण्यस्मरणाच्या जागी तेरावं कर म्हणावं.

मी पाकीट घेतलं. अंगाचा तिळपापड झाला होता, पण पदर खोचला आणि निघाले. सवतीचं पुण्यस्मरण बुक करायला दुसऱ्या बायकोने जायचं. वाटेत मी ठरवलं की या वर्षी ती जाहिरात मी लहान करणार.

यल्लाप्पाचं ऑफिस म्हणजे स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या वरची खोली. बाहेर पाटी आहे, सर्व मराठी व कन्नड दैनिकांच्या जाहिराती स्वीकारल्या जातील. आत एक कॉम्प्युटर, एक टेबल आणि भिंतीला लावून वर्षावर्षांची जाड रजिस्टरं. यल्लाप्पा पन्नाशीचा, डोक्यावर टोपी, बोलणं हळू. तीस वर्षं दुसऱ्यांचे वाढदिवस आणि दुसऱ्यांची मरणं छापून तो मवाळ झालेला आहे. मला बघून उठला, खुर्ची दिली. मालकांचा डोळा कसा आहे विचारलं.

मी सरळ विचारलं की सगळ्यात स्वस्त जाहिरात कुठली. तो जरा बिचकला. मग त्याने दरपत्रक पुढे सरकवलं आणि समजावून सांगितलं. पेपरातली जागा चौरस सेंटीमीटरवर विकतात. एक कॉलम म्हणजे चार सेंटीमीटर रुंदी, दोन कॉलम म्हणजे आठ. आठ गुणिले दहा, ऐंशी. बेळगाव आवृत्तीला पुण्यस्मरणाचा सवलतीचा दर साठ रुपये, म्हणजे अठ्ठेचाळीसशे, वर पाच टक्के जीएसटी. पहिल्या पानाला दुप्पट. कोल्हापूर आवृत्ती जोडून घेतली तर दोन्हीचा मिळून एकशे दहाचा दर. मजकूर आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर जागा मिळत नाही.

मी म्हटलं, एक कॉलम बाय पाच करा. त्याने मनात हिशेब केला, वीस चौरस सेंटीमीटर, बाराशे रुपये. मग म्हणाला की वैनी, एवढ्यात फोटो तिकिटाएवढा येईल, तोंड ओळखू येणार नाही. मला आतून गुदगुल्या झाल्या. पण चेहरा गंभीर ठेवून मी म्हटलं की दर फार वाढलेत, मालकांना काय सांगणार. खोटं बोलताना मी नेहमी मालकांना पुढे करते.

यल्लाप्पाने वाद घातला नाही. त्याने गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं, डिसेंबरचं पान उघडलं आणि कात्रण माझ्यासमोर ठेवलं. घरी ती जाहिरात मी कधी नीट वाचलीच नव्हती. नावं वाचायची, माझं नाही म्हणून पान उलटायची. फोटोच्या बाजूला चार ओळी कविता होती हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ‘तुझ्याविना हे घर सुने, अंगण सुने’ अशी तिची सुरुवात होती.

घर सुने. मी अकरा वर्षं ज्या घरात चूल पेटवते ते घर सुनं. मी ज्या अंगणात रोज सडा टाकते ते अंगण सुनं. मी यल्लाप्पाला विचारलं की हे कुणी लिहिलंय, आमच्या मालकांनी? त्याने घाईघाईने एक वही उघडून दाखवली. त्यात कवितांचे नमुने होते, आईसाठी, वडिलांसाठी, पत्नीसाठी, क्रमांक घालून. आमची चौदा नंबरची. पहिल्या वर्षी मालकांनी चौदा नंबर सांगितला, तेव्हापासून तोच चालू आहे. ते वाचतसुद्धा नसतील, म्हणाला. म्हणजे चौदा नंबरच्या सवयीने मला घरातून पुसून टाकलं होतं.

“कविता काढा,” मी म्हटलं. “आणि त्या जागी माझं नाव घाला.”

यल्लाप्पाने पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

“घालतो की वैनी. नातं काय लिहू?”

मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला की शोकाकुलमध्ये नुसतं नाव बसत नाही, प्रत्येकाच्या आधी नातं लागतं. पती, कन्या, आई, दीर, जाऊ. मयताचं आणि तुमचं जे नातं असेल ते. बिननात्याचं नाव गेलं की पेपरच्या ऑफिसातून उलटा फोन येतो.

मी विचार केला. माझं आणि कमलाचं नातं काय? त्याला शब्द एकच आहे, आणि तो कुठल्याही पेपरात शोकाकुलमध्ये कुणी छापलेला नाही. मग मी म्हटलं, पत्नी घाला. यल्लाप्पाने मान हलवली. पत्नी म्हटलं तर पतीची पत्नी, पण जाहिरात पत्नीचीच आहे, वाचणाऱ्याला वाटेल छापण्यात चूक झाली. दुसरी पत्नी म्हटलं तर वाटेल दोघी एका वेळी होत्या. त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. मेलेलीला पाच नाती होती आणि जिवंत बाईला एक शब्द मिळेना.

तेव्हा मला निशा आठवली. नऊ वर्षांची, गप्प बसलेली, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून बोललेली.

“निशा मला काय म्हणते?” मी विचारलं.

“मावशी म्हणते की.”

“मावशी म्हणजे आईची कोण?”

यल्लाप्पाने टोपी काढून टेबलावर ठेवली. “वैनी, मालकांना एकदा विचारा.”

“मालकांच्या डोळ्याला पट्टी हाय. लिहा. धाकटी बहीण.”

त्याने लिहिलं, पण मला सावध केल्याशिवाय नाही. पती पद्मराज मगदूम, आणि खाली धाकटी बहीण सौ. राजश्री पद्मराज मगदूम, असं छापल्यावर सगळ्या निपाणीला वाटेल की मालकांनी मेहुणीच करून घेतली होती. मी म्हटलं, वाटू दे. आजवर लोकांना माझ्याबद्दल काहीच वाटत नव्हतं, त्यापेक्षा हे बरं.

मग त्याने कॉम्प्युटरवर मांडणी केली. एक कॉलम बाय पाचमध्ये सहा नावं मावेनात. माझं नाव मुंगीएवढं दिसायला लागलं. दोन कॉलम बाय दहा केलं तेव्हा कवितेच्या जागी नाव बसलं, पण बारीक अक्षरात. मी म्हटलं, माझं नाव जरा ठळक करा. तो म्हणाला, ठळक करायचं तर उंची बारा करावी लागेल, आणि चौकट वाढली की फोटोही त्या मापात वाढतो. म्हणजे माझं नाव वाचता यावं म्हणून कमला गेल्या वर्षीपेक्षा मोठी होणार होती. मी तिला तिकिटाएवढी करायला गेले होते. तिने तिथेही मला हरवलं.

तरी मी हो म्हटलं. वर कोल्हापूर आवृत्तीपण घ्या म्हणाले, कारण माझं माहेर कागलचं, आणि तिथे कोल्हापूरची आवृत्ती येते. माझ्या वहिनीने माझं नाव एकदा तरी पेपरात वाचावं अशी माझी इच्छा होती. सगळे मिळून अकरा हजार अठ्ठ्याऐंशी झाले. पाकिटातले एक्कावन्नशे दिले, वरचे सहा हजार माझे घातले. साड्यांना फॉल-बिडिंग करून मी ते दोन वर्षांत साठवले होते आणि त्यांची मला कानांतली सोन्याची बारीक कुडी घ्यायची होती. पावती घेऊन जिना उतरताना मला एकदम भान आलं की स्वतःच्या पैशाने सवतीचा फोटो मोठा करून घेणारी निपाणीतली मी पहिलीच बाई असेन.

अकरा तारखेला पहाटे मी पेपरवाल्याच्या आधी दारात उभी होते. पान तीन, खाली उजवीकडे. कमला होती, मोठी होती, हसत होती. आणि खाली चौथ्या ओळीत, दिराच्या आणि जावेच्या वर, ठळक अक्षरात मी होते. मी ती ओळ चार-पाच वेळा वाचली.

हे जैन बस्तीतून दर्शन करून आले, खुर्चीत बसले. पेपर आलाय का विचारलं. आलाय म्हटलं. मग म्हणाले, वाच. आता वाचायचं काय हे माझ्या हातात होतं. गेल्या वर्षीचं यल्लाप्पाकडे वाचल्यापासून तोंडपाठ होतं, तेच म्हणून टाकलं असतं तर त्यांना पत्ता लागला नसता. पण ज्यासाठी कुडी घालवली ते गिळून टाकणं मला जमलं नाही. मी सगळं वाचलं. पती पद्मराज. कन्या निशा. आई अक्काताई, कंग्राळी. आणि मग आवाज न बदलता, धाकटी बहीण सौ. राजश्री पद्मराज मगदूम.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. हिरव्या चष्म्यामागे डोळे दिसत नव्हते.

“कमलाला बहीण न्हवती,” ते म्हणाले.

“आता हाय,” मी म्हटलं.

“आणि ते घर सुनं सुनं काय होतं, ते?”

“काढलं. घर सुनं न्हाय.”

ते रागावले असते तर मी भांडले असते, माझी तयारी होती. पण ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की अक्काताईंना काय वाटेल, त्यांची एकुलती एक होती. हे मला सुचलंच नव्हतं. अक्काताई ही कमलाची आई, बेळगावजवळ कंग्राळीला शेतावर राहते, बेळगाव आवृत्तीतली ही जाहिरात दर वर्षी कुणाकडून तरी वाचून घेते. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिने मध्यस्थाला सांगितलं होतं की माझ्या लेकीच्या जागेवर कोण बसतीय ते मला बघायचं न्हाय. आणि खरंच, ती या घराची पायरी कधी चढली नाही. निशाला भेटायचं तर बेळगावला बोलावून घ्यायची. माझ्या बाजूने मीही तिला कधी बोलावलं नव्हतं. एका कमलाने भरलेल्या घरात कमलाची आई आणखी कशाला, असं माझं मत होतं.

नऊ वाजल्यापासून फोन सुरू झाले. शेजारची शालूबाई तर स्वतःच आली. म्हणाली, मेहुणी होतीस व्हय गं, इतकी वर्षं बोलली न्हाईस, म्हणूनच निशा मावशी म्हणती. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कागलहून वहिनीचा फोन आला, तिने विचारलं की तुला ही कुठली बहीण निघाली. मला हसू आलं, पण अक्काताई काही मनातून जाईना.

साडेदहाला निशाचा फोन आला. तिने जाहिरात मोबाइलवर स्टेटसला ठेवली होती. काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, “मावशी, आज्जीचा फोन आलता. तुला बघायचंय म्हणतीय. मी घिऊन येतोय तिला, एकच्या आत पोचतोय.”

मी जाहिरात हातात घेऊन बसले आणि प्रथमच त्या म्हातारीच्या जागी बसून ती वाचली. एकुलती एक लेक गेलेली. आणि तेराव्या वर्षी पेपरात कुणीतरी तिच्या पोटी आणखी एक मुलगी घुसडते, तीही तिच्या लेकीच्या नवऱ्यासकट. मी असते तर चप्पल घेऊन आले असते. स्वयंपाक केला, भिंतीवरचा फोटो पुसला, हार बदलला, आणि तिला द्यायच्या तांब्यावर कमलाचं नाव बाहेरच्या बाजूला येईल असा तांब्या ठेवला. मला भीती वाटते तेव्हा मी फार व्यवस्थित होते.

एकला रिक्षा थांबली. अक्काताई उतरली. वाकलेली, पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, हातात घडी केलेला पेपर. निशाने तिचा हात धरला होता. यांनी खुर्चीतून उठून नमस्कार केला, ती हूं म्हणाली. फोटोसमोर उभी राहिली, बराच वेळ. मग खाली सतरंजीवर बसली आणि माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, काही न लपवता. मला वाटलं आता म्हणेल, तिला काहीही शोभायचं.

“ह्ये तू छापाय लावलंस?” तिने पेपर पुढे केला.

मी हो म्हटलं. आणि मग तोंडाला येईल ते बोलत सुटले. म्हटलं की दुसरा शब्द सापडला नाही, सगळ्यांना नाती होती, मलाच नव्हतं, रागाच्या भरात दिलं, चुकलं असेल तर पुढच्या वर्षी काढते. जळत होते हेही बोलून गेले. निशा खाली बघत होती. हे खुर्चीत हलले नाहीत.

अक्काताईने सगळं ऐकून घेतलं. “काढायचं कसं?” ती म्हणाली. “पेपरात आलंय. कंग्राळीतली समदी सकाळपासनं इचारत्यात, आक्काताई, तुजी धाकटी कुठं दिल्यालीस. मी म्हटलं, निपाणीतच.”

एवढं बोलून तिने पिशवीत हात घातला. एक नारळ काढला आणि जुन्या पंच्यात गुंडाळलेली साडी काढली. गर्द जांभळी, काठ लाल, वडगावच्या मागावरची. घडीच्या रेघा इतक्या घट्ट बसल्या होत्या की ती वर्षानुवर्षं ट्रंकेत होती हे दिसत होतं. म्हणाली की कमलाच्या पहिल्या दिवाळीला सांगून विणून घेतली होती. मला लगेच कळलं काय ते. नवरा तिचा, घर तिचं, भांडी तिची, आता अंगावरची साडीही तिचीच. माझं तोंड वाकडं झालं असणार, कारण म्हातारीने साडी माझ्याकडे न देता मांडीवरच धरली.

“घडी मोडल्याली न्हाय,” ती म्हणाली. “आरशासमोर नुसती खांद्यावर टाकून बघितली तिनं आन परत दिली. दोन दिवस रुसली हुती माझ्यावर.”

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. साडीचा पदर सोडला आणि माझ्या खांद्यावर टाकला. दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून बघितलं.

“जांभळा तिला कधीच शोभला न्हाय. पार काळवंडल्यावानी दिसायची. तुला शोभतोय गं.”

मला रडू आलं. निशाला वाटलं मला आई मिळाली म्हणून आलं, तिने येऊन माझा हात धरला. तसंही असेल थोडं. पण खोटं कशाला सांगू, अकरा वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट अशी निघाली होती जी कमलाला शोभत नव्हती, आणि ती तिच्या आईच्या तोंडून निघाली होती. मी डोळे पुसले. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. हे चार हातांवर खुर्चीत बसले होते, हिरवा चष्मा फोटोकडे.

“आई,” मी म्हटलं, “परत एकदा म्हणा. जरा मोठ्यानं म्हणा. ह्यांना नीट ऐकू जाऊ दे.”